नोंद डिस्कवर उतरली काय ?



बँकेत रक्कम भरून खातेदार पावती घेतो आणि निश्चिंत होतो. या निश्चिंततेमागे संगणकाच्या युगात एक प्रश्न उभा असतो : नोंद खरोखरीच डिस्कवर उतरली काय ?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. या प्रणालीत फाइलमध्ये लिहावयाचा मजकूर प्रथम संगणकाच्या स्मृतीतील बफरमध्ये जातो व सवडीने डिस्कवर उतरतो. कारकुनाने पत्र रवाना झाल्याची नोंद करावी आणि टपाल सायंकाळी निघावे, तसाच हा प्रकार. सामान्य कामास ही व्यवस्था उपकारक ठरते. परंतु मध्येच वीज गेली तर पावती हाती राहते आणि नोंद नाहीशी होते.

इन्ग्रेस या डेटाबेसचे एक जनक मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ साली या उणिवेकडे लक्ष वेधले. डेटाबेसचा स्वतःचा बफर असतोच; त्यावर युनिक्सचा दुसरा. एकच मजकूर दोनदा साठतो. शिवाय कोणती नोंद आधी लिहावी, हे डेटाबेस जाणतो, युनिक्स जाणत नाही.

यावरील एक उपाय म्हणजे रॉ डिस्क. डिस्कचा एक भाग फाइल सिस्टिम न बसविता थेट डेटाबेसच्या स्वाधीन केला जातो. युनिक्सचा बफर टळतो, वेग वाढतो, लेखनाचा क्रम डेटाबेसच्या हाती राहतो. मात्र या सोयीचे मोल द्यावे लागते. तेथे फाइलींची यादी दिसत नाही, नेहमीच्या आज्ञांनी प्रत निघत नाही, जागा आधीच आखून द्यावी लागते. तो भाग रिकामा समजून कोणी त्यावर फाइल सिस्टिम बसविली, तर सारी माहिती नष्ट होते.

कालांतराने मध्यम मार्ग निघाला. फाइल फाइल सिस्टिममध्येच ठेवून बफर टाळणारे थेट लेखन लिनक्समध्ये २००१ साली आले. तथापि सावधगिरीची गरज संपली नाही. लेखन एकदा अयशस्वी झाल्यावर पुन्हा विचारणा केली असता लिनक्स ‘यशस्वी’ असे उत्तर देऊ शकते, हे २०१८ साली पोस्टग्रेस डेटाबेसच्या कार्यकर्त्यांच्या निदर्शनास आले.

सारांश, मार्ग कोणताही असो, वीज तोडून चाचणी घेणे आणि राखीव प्रतीवरून माहिती पुन्हा उभी करून पाहणे, हे व्यवस्थापकाचे कर्तव्य होय. पावतीवरील विश्वास त्यावरच उभा आहे.