काळ्या आईचे देणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी साहित्य-संगीताऐवजी मातीविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास कारण आहे. नोकरीनिमित्त बेंगळुरूस स्थिरावलेल्या आपणांपैकी अनेकांची नावे गावाकडे सातबाऱ्यावर आहेत. जमीन मात्र दुसरा कोणी कसतो.

वनस्पती हवेतील कर्ब शोषून घेतात. मुळे, पाने आणि धसकटे यांच्या रूपाने तो मातीत उतरतो. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. वातावरणातील कर्बाहून तो कितीतरी अधिक. वारंवार नांगरट केली, की सूक्ष्म जीव हा साठा झपाट्याने संपवितात आणि कर्ब वायुरूपाने पुन्हा हवेत जातो.

माती-परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याहून कमी आढळल्यास जमीन 'कमी' प्रतीची समजतात. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत हा आकडा असतो. एक हेक्टर शेताच्या वरच्या वीतभर थरात सुमारे २,००० टन माती असते. तीत कर्बाचे प्रमाण ०.४ वरून ०.५ टक्क्यावर नेले, तर दोन टन कर्ब, म्हणजे हवेतील सात टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड, जमिनीत जमा होतो. शिवाय माती भुसभुशीत राहते आणि पावसाचे पाणी धरून ठेवते. शेतकऱ्याला खरा लाभ हाच.

हे साधते काय? आपल्याच शहरातील गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या तांबड्या मातीत १९७८ साली कोरडवाहू नाचणीवर दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. केवळ रासायनिक खतांपेक्षा त्यांच्या जोडीला हेक्टरी १० टन शेणखत दिलेल्या वाफ्यांत उत्पन्न अधिक टिकून राहिले. नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर, नांगरट न करता भात घेण्याची पद्धत रूढ केली. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवावयाची. तीत तणनाशक वापरतात, हा आक्षेप विचारात घ्यावयास हवा. उसाचे पाचट न जाळता सरीत कुजविणे, हा तर सर्वांत सोपा उपाय.

मात्र ही ठेव अमर नव्हे. ठराविक मर्यादेनंतर माती अधिक कर्ब साठवीत नाही, आणि पुन्हा खोल नांगरट सुरू झाली, की वर्षानुवर्षांची कमाई थोड्या काळात उडून जाते.

येथेच आपला संबंध येतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांची धास्ती अनेक घराण्यांतून अद्याप गेलेली नाही. म्हणून जमीन तोंडी बोलीने, वर्षापुरती खंडाने देतात. पुढल्या साली माणूस बदलतात. ज्याला पुढच्या मृगाची शाश्वती नाही, त्याने दुसऱ्याच्या शेतात शेणखत का घालावे? त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मातीची झीज आपल्या भीतीतूनही होत असते.

म्हणून आमची विनंती एवढीच : कायद्याच्या चौकटीत राहून जमीन एकाच कसणाऱ्याकडे काही वर्षे ठेवावी, खंडातील काही भाग शेणखतासाठी सोडावा, पाचट व धसकटे जाळू नयेत अशी बोली करावी, आणि दर तीन वर्षांनी माती तपासून घ्यावी.

ज्या मातीच्या उत्पन्नावर आपल्या वडीलधाऱ्यांनी आपणांस शिकविले, तिचे देणे एवढ्याने फिटणार नाही. निदान ते वाढणार तरी नाही.