हात अनेक, पापड एक

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली घरची बाई. भाषणाची सवय नाही, तरी आपल्या पापडांविषयी दोन शब्द बोलते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात ७ भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यातूनच 'लिज्जत' उभे राहिले. आरंभी त्या दोन प्रकारचे पापड करीत, एक उत्तम आणि एक स्वस्तातला हलका. छगनबाप्पा पारेख यांनी त्यांना सांगितले की, पापड एकाच प्रतीचा करा, प्रत कधी उतरू देऊ नका. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून काम चार महिने थांबले. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड घालून खाली स्टोव्ह पेटवला.

शहापूर-मुरबाडचा पाऊस आपल्याला काय सांगावा! म्हशाच्या यात्रेत गिऱ्हाईक लाटणारीचे नाव विचारीत नाही. एक पापड खवट निघाला, की साऱ्या मंडळाला नाव ठेवते. मग ज्या पैशांतून मुलांची वह्यापुस्तके येतात, तेच बंद होतात.

शेवटी तपासणारी एकटी किती पाहणार? निवडणारीने खडा तिथेच काढावा, मळणारीने मीठ मापून घालावे, भरणारीने ओलसर पापड बाजूला ठेवावा. चूक दिसली तर लगेच सांगावी, आणि सांगणारीवर कोणी रागावू नये.

प्रत्येकीने आपल्यापुरते एवढे सांभाळले, तर मंडळाचे नाव आपोआप राहील.