बोहारणीला देण्याआधी

(रौप्यमहोत्सवी महिला मेळाव्यातील भाषण)



मला गोधडीवर बोलायला सांगितलंय. गोधडी म्हटलं की काहींना गरिबी आठवते. पण गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणायचे, आणि त्यात मान होता. चिंधीलाही मोल असतं, हे त्या पिढीला ठाऊक होतं.

आता हिशेब बघा. सहावारी साडी १८ फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. रुंदी साधारण पावणेचार फूट. म्हणजे दोन जुन्या सुती साड्यांत एका माणसाची सहा पदरी गोधडी बसते. दोघांसाठी हवी असेल तर चार साड्या घ्या आणि तुकडे जोडून घ्या. परभणीत पारा दहाच्या खाली गेला तरी काही बिघडत नाही. खर्च काय तो दोऱ्याचा.

करायची कशी? आधी कापड धुऊन, इस्त्री करून घ्या. फॉल उसवून टाका. मग दोन्ही हातांनी ताणून बघा. चर्र वाजलं तर तो तुकडा आत, दमदार तुकडे वर आणि खाली. फरशीवर सगळे थर सुरकुती न ठेवता अंथरा आणि लांब कच्चे टाके घाला. ही पायरी गाळली की धुतल्यावर आत गोळे झालेच म्हणून समजा. मग कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत या. दोन ओळींत एका बोटाचं अंतर पुरे. रोज दुपारी दोन तास बसलं तर आठ-दहा दिवसांत गोधडी तयार. बाहेरून शिवून घ्यायची असेल, तर हे तास आठवा आणि मजुरीत घासाघीस करू नका.

सिंथेटिक साडी मात्र नको. ती घाम शोषत नाही, थर सरकतात, आणि शेगडीजवळ तर धोकाच.

खरी अडचण इथंच आहे. आपला जिल्हा कापसाचा. ‘नांदेड ४४’ हे गाजलेलं कपाशीचं वाण आपल्याच कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातलं. पण कपाट उघडून बघा, सुती साड्या किती निघतात? ज्या आहेत त्या बहुतेक सासूबाईंच्या, आईच्या, आजीच्या. त्याही आपण बोहारणीला देतो आणि एक स्टीलचा डबा घेतो. त्या गेल्या की पुन्हा येणार नाहीत. आणि न सांडता-लवंडता सरळ टाका घालणाऱ्या आज्या तरी आपल्या सोसायटीत किती उरल्यात?

म्हणून एकच विनंती. येत्या दिवाळीच्या साफसफाईत सुती कापड वेगळं काढा. बोहारीण दारात आली तर तिला बाकीचं द्या. थंडी सुरू झाली की दुपारी गच्चीवर बसू. आज्यांनी टाका दाखवायचा, सुनांनी आणि नातींनी सुई धरायची. नातवंडांनाही येऊ द्या, सुईत दोरा ओवायला त्यांचेच डोळे लागणार आहेत.