उज्जयिनीचा न्यायमंडप

इंदूरहून उज्जैनला येणाऱ्या प्रवाशाला शहरात शिरताना नानाखेडा लागते. तेथील बसस्थानकावर रोज माणसांची रीघ असते. कोणी महाकालाच्या दर्शनाला आलेला असतो, कोणी बाजाराला, तर कोणी कागदांचे पुडके काखोटीस मारून कोर्टाच्या तारखेला. या नगरीचे न्यायाशी असलेले नाते पुरातन आहे. येथील एका टेकाडाची लोककथा सर्वांच्या परिचयाची आहे. एक गुराखी पोर त्या टेकाडावर बसले की मोठमोठ्या तंट्यांचा अचूक निवाडा करी आणि खाली उतरले की पुन्हा साधा गुराखी होई. कारण त्या मातीखाली विक्रमादित्याचे सिंहासन पुरलेले होते!

कथा गोड आहे, परंतु तिच्यात एक भोळी समजूत दडलेली आहे. आसन थोर असले की त्यावर बसणारा आपोआप न्यायी होतो, असे ती सांगते. खरोखरच असे होते काय? याच उज्जयिनीत घडणाऱ्या दुसऱ्या एका कथेने या प्रश्नाचे फार निराळे उत्तर देऊन ठेवले आहे. ती कथा म्हणजे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. गोविंद बल्लाळ देवल यांनी ते मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना ही नावे महाराष्ट्राला घरचीच वाटतात. त्या प्रणयकथेचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र मूळ नाटकाच्या नवव्या अंकातील न्यायसभेकडे तितकेसे लक्ष जात नाही.

त्या न्यायसभेचा प्रमुख अधिकरणिक हा विद्वान आणि सज्जन आहे. पक्षकार सत्य झाकून ठेवतात, न्यायाधीशाच्या वाट्याला स्तुतीपेक्षा निंदाच अधिक येते, दुर्बलांचे रक्षण हे त्याचे कर्तव्य आहे, हे सारे तो जाणतो. इतक्यात राजाचा मेहुणा शकार फिर्याद घेऊन येतो. आज तुझे काम चालणार नाही, असे न्यायाधीश त्याला प्रथम कळवतो. त्यावर शकार धमकी देतो, की राजाला सांगून या न्यायाधीशाला काढून टाकीन आणि दुसरा नेमवीन. तेवढ्याने न्यायाधीश नमतो आणि फिर्याद ऐकावयास घेतो. त्या नाटकातील न्यायाचा पराभव निकालाच्या वेळी झालेला नाही. तो या पहिल्याच क्षणी झालेला आहे.

पुढे सारे ओघानेच येते. वसंतसेनेचा गळा शकारानेच दाबलेला असतो. ती मेली असे समजून तो खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. बोलण्याच्या भरात ‘मी नव्हे’ असे शब्द त्याच्या तोंडून निसटतात. ते लिहून घेतले जातात, तर तो पायाने ती अक्षरे पुसून टाकतो आणि न्यायसभा पाहत राहते. वसंतसेनेची आई मात्र सूडाला प्रवृत्त होत नाही. फिर्याद करायची ती मी आणि माझी तर फिर्याद नाही, असे ती म्हणते. पण तिचे कोण ऐकणार? दागिने सापडतात, परिस्थितीचा पुरावा जुळत जातो आणि खचलेला चारुदत्त बचावाचा प्रयत्नच सोडून देतो. त्याच्या बाजूने बोलणारा वकील तेथे नाही. अधिकरणिक शास्त्राप्रमाणे हद्दपारीची शिफारस करून अखेरचा निर्णय राजा पालकावर सोडतो. राजा शास्त्र बाजूला सारून मृत्युदंड फर्मावतो. येशू निर्दोष आहे हे ठाऊक असूनही जमावापुढे हात धुऊन मोकळ्या झालेल्या पिलाताचे या अधिकरणिकाशी जवळचे नाते आहे.

परंतु या साऱ्या प्रकरणात सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा माणूस म्हणजे शकाराचा गाडीवान, दास स्थावरक. खरा अपराधी कोण हे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच धन्याने त्याला बेड्या घालून वाड्यावर कोंडले आहे. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेताना पाहून तो वरून उडी घेतो आणि भर रस्त्यात सत्य सांगतो. शकार लगेच म्हणतो, की हा चोर आहे, शिक्षा केली म्हणून खोटे बोलतो. लोकांना ते पटते! दासाचे खरे बोलणेही कोणी खरे मानीत नाही, हेच स्थावरकाचे दुःख आहे. वसंतसेना जिवंत परत येते म्हणून चारुदत्त वाचतो, न्यायसभेमुळे नव्हे. त्याच सुमारास पालकाचे राज्यही कोसळते. ज्या आर्यकाला त्याने काहीही अपराध नसताना केवळ एका भविष्यकथनाच्या भीतीने कैदेत टाकले होते, तो गोपाळाचा पुत्रच राजा होतो. कायदा ज्या राज्यात सत्तेच्या पायाखाली पुसला जातो, तेथे प्रजेचा विश्वासही त्याबरोबर पुसला जातो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे. उज्जैन ज्या शिंद्यांच्या अमलाखाली होते, त्यांचे धनी पुण्याचे पेशवे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवेपदावर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष त्यांच्याच माथी ठेवला आणि या पातकाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे सांगितले, अशी परंपरा आहे. मग त्यांनी पद सोडले आणि पुणेही सोडले. उज्जयिनीच्या अधिकरणिकाला आसन गमावण्याची भीती वाटली. रामशास्त्र्यांनी ते आपण होऊन सोडले. म्हणून अधिकरणिकाचे नावसुद्धा कोणास ठाऊक नाही आणि रामशास्त्र्यांचे नाव न्यायाला प्रतिशब्द झाले.

तथापि, प्रत्येक न्यायाधीश रामशास्त्री असेल या भरवशावर समाजाला राहता येत नाही. सामान्य माणसालाही निर्भय राहता यावे, यासाठीच तर कायदा असतो. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने न्यायव्यवस्था कारभारापासून वेगळी करण्याचे तत्त्व पन्नासाव्या अनुच्छेदात नमूद केले. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी यांची स्पष्ट फारकत केली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला कोणा राजश्यालकाच्या तक्रारीवरून घरी पाठविता येत नाही. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांचे विशेष बहुमत लागते. सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. चारुदत्तासारख्या निर्धन आरोपीला विनामूल्य वकील मिळावा, यासाठी १९७६ मध्ये संविधानात तरतूद झाली आणि पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आला. स्थावरकासारख्या साक्षीदारासाठी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली.

जुन्या नाटकातील एकेक अन्याय समोर ठेवून त्यावर एकेक बांध घालावा, तशी ही कलमे दिसतात. पण बांध घातला म्हणजे राखणीचे काम संपले असे नव्हे. कायदा माणसाला घडवितो हे खरे. साक्ष देणाऱ्याला संरक्षण मिळाले की भित्राही बोलू लागतो. वकील मिळाला की दरिद्री माणूसही ताठ उभा राहतो. पण त्या कायद्याला जिवंत ठेवणारी माणसेच असतात. लेखनिकाने लिहिलेली अक्षरे कोणी पुसू लागला तर त्याचा हात धरणारा कोणी तरी हवा. गरिबाच्या बोलण्यावर हसण्याऐवजी ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा शेजारी हवा. शकाराचे म्हणणे रस्त्यावरच्या गर्दीने चटकन खरे मानले, ते तो श्रीमंत होता म्हणून. त्या गर्दीला न्यायदानाचा अधिकार नव्हता, तरी अन्यायातला तिचा वाटा लहान नव्हता.

नाटकाच्या अखेरीस शकार शरण येतो, तेव्हा लोक त्याच्या वधाची मागणी करतात. चारुदत्त त्याला सोडून देतो आणि स्थावरकाला दास्यातून मुक्त करावे असे सुचवितो. अन्याय सोसलेल्या माणसाने मागितलेला न्याय हा असा आहे. त्यात सूड नाही आणि ज्याचे सत्य कोणी ऐकले नाही, त्याच्या पायांतली बेडी काढण्याची आठवण मात्र आहे.