थरथरता हात आणि स्थिर भिंग

माणसाचा हात पूर्णपणे स्थिर असा कधीच नसतो. श्वास आत जातो, बाहेर येतो, नाडी चालू असते, स्नायू ताणले जातात आणि सैल पडतात. या सर्वांचा मिळून एक सूक्ष्म कंप हाताच्या बोटांपर्यंत अखंड येत असतो. लिहिताना किंवा पेला उचलताना त्याची जाणीव होत नाही. परंतु त्याच हाताने कॅमेरा धरला आणि प्रकाश मंद असला, की हा अदृश्य कंप छायाचित्रात दृश्य होतो. रेषा दुहेरी दिसतात, दिव्यांना शेपट्या फुटतात आणि चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात. छायाचित्रकाराच्या निम्म्या विवंचना या एका कंपातून निघालेल्या आहेत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या कंपावर पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे तिपाई. तिपाईला पर्याय म्हणून जुन्या छायाचित्रकारांनी अनुभवाने एक आडाखा बांधला होता. भिंगाचे नाभ्यंतर जितके मिलिमीटर असेल, तितक्या अंशाच्या सेकंदापेक्षा शटर अधिक वेळ उघडे ठेवू नये, असा तो आडाखा. २०० मि.मी. च्या भिंगाला एक दोनशेअंश सेकंद हवा, तर २४ मि.मी. च्या भिंगाला एक चोविसांश सेकंद पुरे. याचे कारण सोपे आहे. हात हलतो तो मुख्यतः कोनात हलतो, आणि तेवढाच कोन लांब नाभ्यंतराच्या भिंगातून अधिक मोठा होऊन उमटतो. २०० मि.मी. च्या भिंगात जो धक्का दिसेल, तो २४ मि.मी. च्या भिंगात सुमारे एक अष्टमांश होतो.

म्हणूनच भिंगातच स्थैर्य निर्माण करण्याची कल्पना जेव्हा प्रत्यक्षात आली, तेव्हा ती प्रथम लांब पल्ल्याच्या भिंगांत आली. कॅनन कंपनीने १९९५ साली ७५ ते ३०० मि.मी. चे स्थिरीकरणयुक्त झूम भिंग बाजारात आणले. त्याची रचना थोडक्यात अशी : भिंगाच्या नळीत कोनीय गती ओळखणारे सूक्ष्म संवेदक बसवलेले असतात. हात किती व कोणत्या बाजूस हलला, हे ते क्षणोक्षणी कळवतात. एक लहानसा गणकयंत्राचा भाग त्यावरून हिशेब करतो आणि भिंगातील काचांचा एक गट प्रकाशाच्या अक्षाला काटकोनात, कंपाच्या उलट दिशेने सरकवतो. हात डावीकडे ढळला तरी प्रतिमा आपल्या जागी राहते. वाहत्या होडीत उभा राहिलेला नावाडी जसा शरीराचा तोल सतत सावरीत असतो, तसाच हा काचेचा गट प्रतिमेचा तोल सावरीत असतो.

रुंद कोनाच्या, एकाच नाभ्यंतराच्या भिंगांना, म्हणजे ज्यांना प्राइम लेन्स म्हणतात त्यांना, या सोयीची गरज आहे असे पुष्कळ दिवस कोणाला वाटले नाही. त्यांच्यात कंप मुळातच कमी दिसतो, आणि ती लहान, हलकी व स्वस्त असावीत हीच त्यांची ख्याती होती. कॅननचे २८ मि.मी. चे भिंग १९८७ सालचे, २४ मि.मी. चे १९८८ सालचे आणि ३५ मि.मी. चे १९९० सालचे. त्यांतील २८ मि.मी. चे वजन अवघे १८५ ग्रॅम. पाव शतकभर ही भिंगे असंख्य पिशव्यांतून फिरली. मग फेब्रुवारी २०१२ मध्ये २४ आणि २८ मि.मी. च्या, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ३५ मि.मी. च्या स्थिरीकरणयुक्त नव्या आवृत्त्या जाहीर झाल्या. चार पायऱ्यांचा लाभ मिळेल, असे कंपनीचे सांगणे होते. अमेरिकेत नव्या २४ मि.मी. भिंगाची किंमत प्रारंभी साडेआठशे डॉलरांच्या घरात होती. त्या वेळच्या विनिमयदराने ती चाळीस हजार रुपयांहून अधिक भरत होती. ज्याच्यापाशी जुने भिंग होते आणि ते नीट चालत होते, अशा मध्यम स्थितीतील छायाचित्रकारापुढे तेव्हा एक खरा प्रश्न उभा राहिला : जुने ठेवावे, की ते विकून, पदरचे पैसे घालून नवे घ्यावे?

हा प्रश्न आजही संपलेला नाही. कॅमेऱ्यांची जात बदलली, तरी ही भिंगे जोडणीच्या कड्याने नव्या कॅमेऱ्यांवर चालतात आणि जुन्या बाजारात त्यांची खरेदीविक्री होते. तेव्हा या प्रश्नाचा विचार शांतपणे करणे अगत्याचे आहे.

प्रथम चार पायऱ्या म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक पायरीला शटरचा वेळ दुप्पट होतो. एक चोविसांश सेकंदावरून चार पायऱ्या उतरल्या, की वेळ सुमारे दोन तृतीयांश सेकंदाचा होतो. तितका वेळ कॅमेरा हातात धरून स्पष्ट चित्र मिळावे, हे जुन्या छायाचित्रकाराला जादूच वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येकाला प्रत्येक वेळी चार पायऱ्या लाभतीलच असे नाही. हाताहातांत फरक असतो. परंतु दोन किंवा तीन पायऱ्या पदरात पडल्या, तरी तो लाभ लहान नव्हे.

एक उदाहरण घ्यावे. अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी कॅमेऱ्याचा दिवा चमकवण्यास मनाई आहे, आणि परवानगीवाचून तिपाई मांडता येत नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीपुढे उभ्या राहिलेल्या छायाचित्रकाराजवळ केवळ दोन हात आणि आत शिरलेला थोडासा प्रकाश एवढेच भांडवल असते. समजा, प्रकाश इतका मंद आहे, की आयएसओ ८०० वर आणि एफ २.८ एवढ्या छिद्राला एक अष्टमांश सेकंद लागेल. जुने २४ मि.मी. चे भिंग हातात असेल, तर आडाख्याप्रमाणे हा वेळ तिप्पट लांब होतो. मग त्याने आयएसओ ३२०० वर जावे. शटर एक बत्तिसांशावर येईल, पण चित्रात दाणे उमटतील. रंगांची जी मृदू सरमिसळ त्या अज्ञात कलावंतांनी पंधरा शतकांपूर्वी साधली, तीच नेमकी त्या दाण्यांत हरवेल. स्थिरीकरणयुक्त भिंग असेल, तर तो आयएसओ ८०० वरच राहू शकतो. इतकेच नव्हे, तर छिद्र एफ ४ पर्यंत लहान करून पाव सेकंद शटर उघडे ठेवू शकतो, आणि कडेच्या आकृतीही त्यामुळे अधिक रेखीव येतात. भिंत हलत नाही. पद्मपाणीही हलत नाही. हलतो तो फक्त पाहणाऱ्याचा हात, आणि नव्या भिंगाने इलाज केला आहे तो नेमका त्याचाच.

याच लेण्यांची चित्रे उतरवण्यासाठी १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली होती. त्याने वर्षानुवर्षे राबून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला आणि १८६४ साली फर्ग्युसनच्या लेण्यांवरील ग्रंथात त्याची प्रकाशचित्रे प्रसिद्ध झाली. त्या काळी काचेच्या पट्ट्या आणि अवजड कॅमेरा घेऊन डोंगरकपारीत काम करणे म्हणजे काय असेल, याची कल्पना करावी. आज जे काम दोनशे ऐंशी ग्रॅमच्या भिंगाने दोन श्वासांमधल्या अवकाशात होते, त्यामागे केवढा प्रवास झाला आहे, हे त्यावरून उमगते.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्थिरीकरण हाताचा कंप थांबवते, जगाची हालचाल थांबवत नाही. सावकाश चालणारा माणूसही अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर पुढे जातो. आरतीच्या वेळी टाळी वाजवणारे हात, रंगमंचावर गिरकी घेणारी नर्तकी, अंगणात धावणारे मूल यांच्यापुढे हे भिंग जुन्या भिंगाइतकेच असमर्थ ठरते. मागची भिंत लख्ख येईल आणि मूल मात्र धुक्यासारखे दिसेल. अशा छायाचित्रकाराला मोठ्या छिद्राचे भिंग उपयोगी पडते. एफ १.४ चे छिद्र एफ २.८ पेक्षा दोन पायऱ्या अधिक प्रकाश देते, आणि तो प्रकाश हात व विषय या दोहोंची हालचाल कमी करतो. अर्थात त्याचेही मोल द्यावे लागते. कॅननचे २००८ सालचे २४ मि.मी. एफ १.४ भिंग साडेसहाशे ग्रॅम भरते, त्याची किंमत कितीतरी अधिक आहे, आणि पूर्ण छिद्रावर रेखीव दिसणारा पट्टा अरुंद असतो. नाक स्पष्ट आणि कान पुसट, असा प्रकार जवळून घेतलेल्या चित्रात होऊ शकतो. थोडक्यात, जो स्थिर वस्तूंचा उपासक आहे, त्याला स्थिरीकरण हवे. जो चालत्या जीवनाचा उपासक आहे, त्याला मोठे छिद्र हवे. ही दोन साधने परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जुना आडाखा फिल्मच्या काळातला होता. बेताच्या आकाराचे चित्र हातभर अंतरावरून पाहावयाचे, या हिशेबाने ०.०३ मि.मी. इतका पुसटपणा चालून जाई. चोवीस मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या संवेदकावर एकेक बिंदू सुमारे ०.००६ मि.मी. चा असतो. म्हणजे जो पुसटपणा पूर्वी क्षम्य होता, तो आज पाच बिंदूंवर पसरतो आणि पडद्यावर मोठे करून पाहिले की उघडा पडतो. यामुळे रुंद कोनाच्या भिंगालाही स्थैर्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासू लागली. चलच्चित्र घेणाऱ्यास तर ती विशेष भासते. शिवाय जुन्या भिंगांच्या मोटारीची घरघर ध्वनिमुद्रणात शिरते. नव्या भिंगांची मोटार शांत आहे आणि कडेची स्पष्टताही सुधारलेली आहे. तेव्हा किंमत केवळ स्थिरीकरणाची नव्हे, संपूर्ण नव्या रचनेची आहे, हेही मान्य केले पाहिजे.

तथापि काळाने या हिशेबात एक नवा आकडा घातला आहे. भिंगाऐवजी कॅमेऱ्यातील संवेदकच हलवून कंप शमवण्याची पद्धत कोनिका मिनोल्टाने २००४ साली आपल्या अदलाबदलीच्या भिंगांच्या कॅमेऱ्यात आणली. पुढे ती इतरत्र पसरली आणि २०२० साली कॅननच्या आर ५ व आर ६ या कॅमेऱ्यांतही आली. अशा कॅमेऱ्यावर जुने, साधे, स्वस्त भिंगही स्थिर होते. ज्याला आज ना उद्या कॅमेरा बदलावयाचाच आहे, त्याने भिंगावर केलेला खर्च काही अंशी दुबार होण्याचा संभव आहे. ज्याला आपला कॅमेरा अजून पुष्कळ वर्षे वापरावयाचा आहे, त्याच्यासाठी मात्र भिंगातील स्थैर्य हाच मार्ग उरतो.

मग निर्णय कसा करावा? दुकानदाराला विचारून तो होत नाही, आणि तज्ज्ञांचे तक्ते वाचूनही होत नाही. छायाचित्रकाराने आपलीच गेल्या वर्षभराची टाकाऊ चित्रे काढून पाहावीत. प्रत्येक चित्राबरोबर शटरचा वेळ, छिद्र आणि आयएसओ यांची नोंद आजचा कॅमेरा आपण होऊन ठेवतो. सगळेच चित्र एका दिशेने पुसलेले असेल, तर दोष हाताचा. पार्श्वभूमी स्पष्ट आणि माणूस पुसट असेल, तर दोष विषयाच्या हालचालीचा. सारे रेखीव असून दाणेदार असेल, तर प्रकाशाची टंचाई. दुसऱ्याच जागी रेखीवपणा असेल, तर नेम चुकला. या चार ढिगांत चित्रे वाटली, की कोणत्या औषधाची गरज आहे ते आपोआप दिसते.

त्यानंतर आपल्या हाताचीही परीक्षा घ्यावी. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान लावावे, आणि तीसांश, पंधरांश, अष्टमांश व पाव सेकंद अशा वेळांनी प्रत्येकी दहा चित्रे घ्यावीत. किती अक्षरे वाचता येतात, ते मोजावे. कोणाला असे आढळेल, की श्वास सोडून, कोपरे छातीशी घेऊन आपण अष्टमांशालाही दहापैकी सात चित्रे स्पष्ट घेतो. त्याचे पैसे शिल्लक राहिले. ते त्याने हंपीच्या किंवा गोव्यातील जुन्या चर्चच्या प्रवासावर खर्चावेत. भिंग नवे असून प्रवास घडलाच नाही, तर स्थैर्य कपाटातच राहावयाचे. आणि कोणाला असे आढळेल, की वयामुळे वा प्रकृतीमुळे हात पूर्वीसारखा राहिलेला नाही, पंधरांशालाच अक्षरे फुटू लागली आहेत. त्याच्या बाबतीत हे भिंग चैनीची वस्तू राहत नाही. डोळे मंदावलेल्या वाचकाला चष्मा, तसे ते त्याला आहे. पाहण्याची हौस शाबूत असताना केवळ हाताने साथ सोडली म्हणून कॅमेरा पेटीत पडावा, यासारखे दुःख नाही. आणि ते दुःख टळत असेल, तर चाळीस हजारांचा हिशेब निराळा होतो.

उपकरण बदलण्याचा मोह प्रत्येक काळात असतो आणि प्रत्येक काळात तो सुधारणेचा वेष घेऊन येतो. त्या मोहाला सरसकट नकार देणे हे शहाणपण नव्हे, आणि सरसकट होकार देणे हेही नव्हे. आपला विषय कोणता, आपला प्रकाश कोणता आणि आपला हात कसा, या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला नव्या भिंगाची भूल पडत नाही आणि जुन्याची लाजही वाटत नाही.