गल्लींतील दुकान आणि जागेचें भाडें

पिठाच्या गिरणीस जागा बदलणें फार जड जातें. शिंपी आपलें यंत्र उचलून शेजारच्या आळींत बसूं शकतो. गिरणीचें यंत्र पक्क्या पायावर बसविलेलें असतें, त्यास निराळी वीजजोडणी लागते, आणि नव्या जागीं तो आवाज व तें उडणारें पीठ सोसण्यास शेजारी राजी होतीलच असें नाहीं. त्यांत दळणाचा डबा घेऊन घरचें माणूस चालणार तरी किती? फार तर एक चौक ओलांडील. ज्या गल्लींत गिरणी उभी राहिली तिच्याशीं ती बांधली जाते, आणि जागेच्या मालकास हें पुरतें ठाऊक असतें.

समजा, अशा गिरणीचें मासिक भाडें २०,००० रुपये आहे. करार संपला आणि मालकानें ३५,००० मागितले. दळणावळ किलोस ८ रुपये धरली तर ही वाढ भागविण्यास महिन्याकांठीं १,८७५ किलो, म्हणजे रोज साठ किलोंहून अधिक दळण जास्त यावयास पाहिजे. विजेचा खर्च यांत धरलेलाच नाहीं. पण गल्लींतील तोंडें तेवढींच! दळणावळ वाढवावी तर गिऱ्हाईक तयार पिठाच्या पिशवीकडे वळतें. हीच वाढ दरसाल थोडी थोडी झाली असती तर गिरणीवाल्यानें ती कशीबशी सोसली असती. एका रात्रींत आलेली वाढ त्यास उठवून लावते.

मालकाचें म्हणणें सरळ असतें: जागेला भाव आला आहे. तो कोणामुळें आला, हें मात्र क्वचितच विचारलें जातें. पहांटे दार उघडणारा वाणी, महिनाअखेरपर्यंत उधारीची वही सांभाळणारा दूधवाला, अर्ध्या तासांत चपलेचा अंगठा शिवून देणारा चांभार, यांच्यामुळें वस्ती राहण्याजोगी होते आणि मग तिला भाव येतो. दुकानदारानें कमावलेल्या नांवाची किंमत भाड्याच्या रूपानें त्याच्याचकडून वसूल व्हावी, हा न्याय चमत्कारिक आहे.

मुंबईंत कायद्यानें भाड्याच्या प्रश्नास हात घातला तो पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं. पुढें १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्यानें जुन्या घरांबरोबर दुकानांचेंहि भाडें १ सप्टेंबर १९४० च्या आंकड्याशीं बांधून टाकलें. टंचाईच्या काळांत तें योग्यच होतें. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. रुपयाची किंमत घसरत गेली, भाडें जागचें हाललें नाहीं. मग गिरगांवांतील जिन्यांना टेकू लागले तर नवल काय? मालकानें दुरुस्तीकडे पाठ फिरविली, आणि उघड भाड्याची जागा पागडीनें घेतली. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि असें गोठविलेलें भाडें आतां वाजवी राहिलें नाहीं, असें म्हटलें.

३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली, आणि भरणा झालेलें भांडवल १ कोटि रुपये वा त्याहून अधिक असणाऱ्या कंपन्यांना संरक्षणांतून वगळलें. लहानमोठ्यांतील हा भेद न्याय्यच होय. परंतु नव्या दुकानदाराच्या पदरांत त्यांतलें कांहींच पडत नाहीं. एकदां भाडेकरू ठेविला कीं तो हलावयाचा नाहीं, या धास्तीनें मालक जागा भाड्यानें देतच नाहींत. ‘लीव्ह अँड लायसन्स’वर देतात. अशा परवान्यानें जागेवर कोणताहि हक्क निर्माण होत नाहीं. मुदत सरली कीं मालक म्हणेल तो आंकडा, नाहीं तर कुलूप! एकाच इमारतींत एका गाळ्याचें भाडें आजोबांच्या काळचें आणि शेजारच्याचें आजच्या बाजारचें, असा देखावा यामुळें दिसतो.

फ्रान्सनें निराळी वाट धरली. तेथें १९२६ पासून दुकानदाराचा करार पुढें चालू ठेवण्याचा हक्क कायद्यानें मानला आहे. करार सामान्यतः नऊ वर्षांचा असतो. दुकानदारास दर तीन वर्षांनीं जागा सोडण्याची मोकळीक असते. नवा करार करतांना भाडें बहुधा जाहीर निर्देशांकाच्या पलीकडे वाढवितां येत नाहीं. मालकास दुकानदार नकोच असेल तर तोहि मोकळा आहे. मात्र त्यास बुडणाऱ्या धंद्याची भरपाई द्यावी लागते. यांतील ही शेवटची अट सर्वांत मोलाची. कमावलेल्या नांवाला पैशांत किंमत आहे, एवढें तरी ती कबूल करते. आळशी दुकानदारास ती तारीत नाहीं, आणि तारूंहि नये.

असा कायदा येथें झाल्यास मालक गाळे बंद ठेवतील, अशी शंका घेतली जाते. भाडें गोठविलें तर ठेवतीलच. मालकहि पुष्कळदां त्याच भाड्यावर म्हातारपण काढीत असतो. महागाईच्या आंकड्याबरोबर वाढणारें भाडें सोडून रिकाम्या गाळ्याचा कर भरण्यांत मात्र त्यास लाभ नाहीं.

तोंवर दुकानदारानें निदान करार तरी पुरता करून घ्यावा: लांबची मुदत, दरसालच्या वाढीचा ठरीव आंकडा आणि जागा परत मागावयाची झाल्यास किती महिन्यांची सूचना, हें सर्व कागदावर यावें. १९९९ च्या या कायद्याप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा तो नसेल तर अटींविषयीं जागा घेणाऱ्याचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें.