संपाचे कलम कुठे गेले?

(युनियनच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

साथींनो,

चीनच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम सांगते की, हे राज्य कामगारवर्गाच्या नेतृत्वाखाली आहे. आम्हा कामगारांना हे ऐकून बरे वाटते. तिथल्या रेल्वे कामगारांनी त्याची किंमतही मोजली आहे. फेब्रुवारी १९२३ मध्ये युनियनच्या स्थापनेची सभा बंद पाडली म्हणून पेकिंग-हान्कौ रेल्वेवर कम्युनिस्टांच्या पुढाकाराने संप झाला. ७ तारखेला लष्करशहा वू पेइफूच्या सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या आणि शाखेचे पुढारी लिन शियांगछियान यांचा शिरच्छेद केला.

१९४९ मध्ये तोच कम्युनिस्ट पक्ष सत्तेवर आला. १९७५ च्या घटनेत संपाचे स्वातंत्र्य लिहिले गेले, तेही माओंच्या सूचनेवरून. १९७८ च्या घटनेत ते कायम राहिले. १९८२ ची घटना आली आणि ते शब्द गेले. समर्थन असे की, समाजवादी राज्यात कामगाराचे आणि राज्याचे हित एकच, मग संप कोणाविरुद्ध?

प्रश्न बिनतोड वाटतो. पण पगार थकला, ड्युटी बारा तासांची झाली, तर दाद कोणाकडे मागायची? मालक सरकारी असो की खाजगी, युनियन एकाच महासंघाखाली, महासंघ पक्षाखाली, सरकार आणि कोर्टही पक्षाखालीच. ३५ व्या कलमात सभा, संघटना, मोर्चा ही सारी स्वातंत्र्ये लिहिलेली आहेत. तरी १९८९ मध्ये बीजिंगच्या कामगारांनी स्वतंत्र युनियन काढली, तेव्हा ती मोडून काढली. तिचे एक पुढारी हान दोंगफांग रेल्वेत इलेक्ट्रिशियन होते. त्यांना खटला न चालवता २२ महिने डांबून ठेवले. तुरुंगात क्षय जडला, पुढे एक फुप्फुस काढावे लागले. २०१८ मध्ये तर पक्षाचे नेतृत्व थेट पहिल्या कलमात घातले गेले.

साथींनो, आपणही फुशारकी मारू नये. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात संघटनेचा हक्क आहे, संपाचा नाही. सरकारी नोकरांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बजावले. १९ सप्टेंबर १९६८ चा संप टपाल कामगार विसरलेले नाहीत. १९७४ चा वीस दिवसांचा संप आम्ही रेल्वेवाले विसरलेलो नाही. अटका झाल्या, बडतर्फ्या झाल्या, बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढले. पण १९७७ मध्ये मतपेटीतून सरकार बदलले, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेले कामगार परत कामावर आले. मत द्यायला दुसरा पक्ष होता, म्हणून हे घडले.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. सभासद कोणत्याही पक्षाचा असो, युनियन कोणाच्या दावणीला बांधू नका. वर्गणी स्वतःच्या खिशातून द्या, निवडणूक वेळेवर घ्या, सेक्रेटरीला सभेत जाब विचारा. आम्हालाही विचारा.

कामगार एकजुटीचा विजय असो!